जाळ कोणाचा, धूर कोणाला?

वर्षातून दोनदा आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच भांडण होतं. एकदा होळीच्या आठवड्यात, एकदा दिवाळीच्या. एक गट म्हणतो, चंद्रावर यान उतरवलं तरी आपले लोक चौकात लाकडं जाळतात आणि रात्री दोनपर्यंत सुतळी बॉम्ब फोडतात, हा देश सुधारायचा नाही. दुसरा गट म्हणतो, तुम्हाला फक्त आमचेच सण दिसतात, हजारो वर्षांची परंपरा आहे, ती चालणारच. मग कुणी बकऱ्यांचा विषय काढतो, कुणी थर्टी फर्स्टचा, कुणी एसीचा. ॲडमिन हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि ग्रुप पुन्हा जॉब ओपनिंगवर येतो.

मी बुलडाणा जिल्ह्यातला, नोकरीमुळे पुण्यात. मला या दोन्ही गटांशी भांडायचं आहे. पहिला गट 'लोक अजून का जाळतात?' असं विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, नुसतं नाक मुरडायचं असतं. दुसरा गट 'परंपरा' म्हणतो तेव्हा त्याला दार लावून घ्यायचं असतं. या सगळ्या गोंधळात एक साधा प्रश्न तसाच पडून राहतो, आणि आमच्या जिल्ह्यात तरी तो जगण्यामरण्याचा आहे. जाळ कोणाचा आणि धूर कोणाला?

कारण गेलं, आग राहिली

आधी पहिल्या गटाचा प्रश्न प्रामाणिकपणे घेऊ. लोक अजून का जाळतात?

इंग्लंडचं उदाहरण बघा, कारण तिथे तारखा पक्क्या आहेत. ५ नोव्हेंबर १६०५ ला लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीखाली बंदुकीच्या दारूची पिंपं सापडली. राजा जेम्सला पार्लमेंटसकट उडवून द्यायचा कट होता. कट करणारे कॅथलिक होते आणि त्यातल्या गाय फॉक्सचं नाव त्या दिवसाला कायमचं चिकटलं. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला की दर ५ नोव्हेंबरला देवाचे आभार मानायचे. लोकांनी शेकोट्या पेटवल्या, पोपचे आणि फॉक्सचे पुतळे जाळले. अडीचशे वर्षांनी, १८५९ मध्ये, तो कायदाच रद्द झाला. आज तिथल्या बहुतेकांना जेम्सचं काही पडलेलं नाही आणि पोपचंही नाही. तरी ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटतात आणि आकाशात दारूकाम होतं.

राजा गेला, द्वेष विरला, कायदा रद्द झाला. आग काही गेली नाही. मग ती त्या कारणाच्या जोरावर उभीच नव्हती म्हणायची.

मला वाटतं, आग एक असं काम करते जे दुसऱ्या कशालाच जमत नाही. एखादी गोष्ट संपली, हे ती सगळ्यांना एकाच वेळी दाखवते. कॅलेंडरचं पान आपण एकटे उलटतो. भाषण ऐकणाऱ्यालाच कळतं, तेही मन लावून ऐकलं तर. आग मात्र पाच वर्षांच्या पोराला, ऐंशीच्या आजीला, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखीच कळते. डिलीट केलेली फाइल परत आणता येते, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. राखेतून काही परत आणता येत नाही.

म्हणून तर ज्यांचा कर्मकांडाशी उभा दावा होता, त्यांनीही आगच निवडली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. नुसता निषेधाचा ठराव करून थांबता आलं असतं. पण ठराव कागदावर राहतो. जळणारा कागद जमलेल्या माणसांनी उघड्या डोळ्यांनी बघितला. आज शंभर वर्षं होत आली तरी लोक तो दिवस मनुस्मृती दहन दिन म्हणून पाळतात. त्याआधी १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली होती, तिच्यातही हेच होतं. आग पेटवणारा प्रत्येक माणूस अडाणी, असं म्हणणाऱ्यांनी आधी महाडला जाऊन यावं.

आणि आपण तरी कोण लागून गेलो? दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावतो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. शोरूमवाला नारळ फोडतो तेव्हा फोटोसाठी उभे राहतो. तेव्हा 'हे लोक' हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

दारूची लंका

आता दुसऱ्या गटाकडे. 'हजारो वर्षांची परंपरा.'

होळी जुनी आहे, दिवा जुना आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फटाका? फटाक्याला बंदुकीची दारू लागते, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ही दारू चीनमध्ये सापडली आणि तिथून जगभर गेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला. त्याचा काळ त्यांनी १४०० ते १९०० असा धरला आहे. मराठीत सोळाव्या शतकात एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त आतषबाजी भेटते, तीही लग्नाच्या थाटात. म्हणजे ही वस्तू मुळात श्रीमंतांच्या लग्नाची, राजाच्या मिरवणुकीची. शब्दच बघा ना. 'आतष' म्हणजे आग, आणि शब्द फारसी आहे. संस्कृतीरक्षकांनी भाषाशुद्धी मनावर घेतली तर निम्मी दिवाळी मुकी होईल.

पेशव्यांच्या बखरीत एक मजेची हकीकत आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगितलं. तिथला राजा चार दिवस रोषणाई करतो आणि गावाबाहेर दारूकामाची अख्खी लंका उभारतो. दारूचा रावण, दारूचे राक्षस, दारूचे वानर. दारूचा मारुती उडत जाऊन लंकेला आग लावतो. तिला 'दारूची लंका' म्हणत. तरुण पेशव्याला हे बघायची हौस आली. मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसाच खेळ मांडला गेला, आणि पेशव्यांबरोबर पुण्याची रयतही तो बघायला लोटली.

या गोष्टीत ध्यानात ठेवण्यासारखं इतकंच की खर्च दरबाराचा होता, मैदान एक होतं, वेळ ठरलेली होती आणि बघायला सगळं शहर होतं. प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोराच्या हातात लवंगी माळ, हे फार नंतर आलं. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे षण्मुग नाडार आणि अय्या नाडार १९२३ मध्ये कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले. आधी काडेपेट्या, मग त्यांच्या जोडीला फटाके. गल्लीबोळात पोचलेला स्वस्त फटाका हा त्या कारखानदारीचा माल आहे. म्हणजे ज्याला आपण सनातन म्हणतो आहोत, तो फार तर आपल्या पणजीच्या वयाचा.

एक जाळ वाटून घेतलेला, एक विकत घेतलेला

ग्रुपवरचे दोन्ही गट एक गोष्ट मात्र एकमताने करतात. होळी आणि फटाका यांना ते एकाच पोत्यात भरतात. एक दोन्हींवर बंदी मागतो, दुसरा दोन्हींचा बचाव करतो. मुळात या दोन आगींचा स्वभावच वेगळा आहे.

वऱ्हाडातली होळी आठवा. आधीच्या दिवसांत पोरं शेणाच्या चाकोल्या थापतात, मधोमध भोक पाडून वाळवतात आणि माळा ओवतात. चौकात एरंडाची फांदी उभी राहते. कुणाच्या घरून गोवऱ्या येतात, कुणाच्या घरून मोडकी खाट. शेजाऱ्याच्या अंगणातलं लाकूड पळवणं हाही खेळच. त्याच दिवसांत हरभरा आणि गहू निघत असतो, त्यामुळे हुळा आणि ओंब्या त्याच जाळावर भाजून होतात. ज्याच्याशी धुऱ्यावरून कोर्टकचेरी चालू आहे तो माणूससुद्धा तिथे येऊन बोंब ठोकतो. जळण सगळ्यांचं, धूरही सगळ्यांना.

होळी काही निष्पाप नव्हती. मानाची होळी पाटलाची आणि वस्तीवरची वेगळी, हे गावोगावी होतं. शिव्या द्यायच्या तर त्या बायकांच्या नावानेच, हेही होतं. पण वाटून घेतलेली गोष्ट बदलता येते, कारण तिच्यात सगळ्यांना बोलता येतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही मोहीम चालवली. आगीत पडणारी पुरणपोळी गोळा करायची आणि भुकेल्याच्या हातात द्यायची. आग विझवा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त अन्नाला आगीच्या बाहेर काढलं. कुणाला अपमान वाटला नाही, कुणाचा सण बुडाला नाही. सुधारणा अशीही होते.

फटाक्यात असं काही वाटून घेतलेलं नसतं. पैसे एकाचे, मजा एकाची, रील एकाची. आवाज आणि धूर मात्र अख्ख्या गल्लीचा. आणि आता तर तो सणाचाही राहिलेला नाही. मॅच जिंकली, वाजवा. नगरसेवकाचा वाढदिवस, वाजवा. वरात निघाली, उमेदवार निवडून आला, वाजवा. जी गोष्ट वर्षाच्या कुठल्याही दिवशी चालते, तिला दिवाळीच्या पदराखाली का लपवायचं?

थोडं गणित

इंजिनिअरने लिहायचं आणि गणित करायचं नाही, असं कसं चालेल?

कायद्याने फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे आठ मीटरवर ११९, सोळावर ११३, बत्तीसवर १०७ आणि चौसष्ट मीटरवर १०१. आपल्या गल्ल्या मोकळ्या नसतात. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तो इतकाही उतरत नाही. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल. यातलं एक माप क्षणाच्या दणक्याचं आणि दुसरं सरासरीचं, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण चार घरं पलीकडे झोळीत झोपलेल्या बाळाला हा फरक समजावून सांगून बघा. आणि हा झाला कायद्यात बसणारा फटाका. सुतळी बॉम्बचं तर विचारूच नका.

२३ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त हरित फटाके वाजवा, दिवाळीत रात्री ८ ते १० याच वेळात वाजवा आणि लडी बंद करा. हरित फटाक्यांची सूत्रं आपल्या विदर्भातच, नागपूरच्या नीरी या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांचा धूर सुमारे ३० टक्के कमी. चांगली गोष्ट आहे. पण ३० टक्के कमी म्हणजे ७० टक्के शिल्लक, एवढं गणित दहावी पास माणसालाही येतं. आवाजाचीच हौस असेल तर आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा धमाका लोणारला होऊन गेला आहे. उल्का पडून पावणेदोन किलोमीटरच्या पुढे रुंद खड्डा झाला. त्या तोडीचं कुणाला जमणार नाही, तेव्हा ही स्पर्धा आपण सोडून द्यायला हरकत नाही.

आता धुराकडे वळू. आमच्याकडे दिवाळी म्हणजे सोयाबीनचे दिवस. सोंगून झालेलं सोयाबीन शेतात सुडी लावून ठेवलेलं असतं, वेचलेला कापूस घरात असतो, गोठ्याला लागून कडब्याची गंजी असते. अख्खा जिल्हा त्या आठवड्यात वाळलेल्या काडीसारखा असतो. रॉकेट बाटलीतून सुटल्यावर गाव कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं हे त्याला कळत नाही. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात भाव मिळत होता चार हजारांच्या आसपास. जो क्विंटलमागे शेकड्यांनी आधीच मार खातोय, त्याच्या सुडीवर एक ठिणगी पडली तर त्याचं वर्ष गेलं. कर्ज तेवढं शिल्लक राहिलं. रॉकेट सोडणारा भाऊबीज आटोपून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेला असतो.

आणि जिथे फटाका बनतो, तिथली राख वेगळीच. ५ सप्टेंबर २०१२ ला शिवकाशीजवळ मुदलीपट्टीच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, जवळपास ४० माणसं गेली. शिवकाशी लांब वाटते? मग तळवड्याला चला. पिंपरी-चिंचवडमधल्या याच तळवड्यात आयटी पार्क आहे. ८ डिसेंबर २०२३ ला तिथे एका कारखान्यात आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या चुरचुरणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनत होत्या. सहा जणांचा जीव त्याच दिवशी गेला, उपचार चालू असताना आणखी काहींचा. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या.

आपलं प्रोजेक्ट गो-लाइव्ह झालं की मीटिंग रूममध्ये केक येतो. त्यावर तसलीच मेणबत्ती असते. वीस सेकंद चुरचुरते, सगळे टाळ्या वाजवतात, कुणीतरी स्टेटस ठेवतो. दिवाळीत 'से नो टू क्रॅकर्स'चा मेल पाठवणारी मंडळीही त्या टाळ्यांत असतात. तेव्हा फटाका हा अडाण्यांचा शौक आणि आपण पर्यावरणवाले, ही वाटणी खोटी आहे. जाळ आपल्या केकवर होता, धूर तळवड्यातल्या बायकांच्या छातीत गेला.

सैलानीची होळी

आतापर्यंत मी सोप्या आगींबद्दल बोललो. अवघड आग आमच्या जिल्ह्यात दर होळीला पेटते.

बुलडाण्याजवळ पिंपळगाव सराईच्या शिवारात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून लाखांनी लोक येतात. होळीच्या दिवशी तिथे नारळांची होळी पेटते. लोक माणसावरून नारळ उतरवतात आणि आगीत टाकतात. लिंबं टाकतात, बिब्बे टाकतात, अंगावरचे कपडे उतरवून टाकतात. आजार, बाहेरची बाधा, करणी, जे काही मागे लागलं असेल ते या आगीत जळून जातं अशी श्रद्धा आहे. आलेल्यांत मनाने आजारी असलेली माणसं खूप असतात, त्यांना घरच्यांनी धरून आणलेलं असतं.

इथे आल्यावर ग्रुपवरच्या दोन्ही गटांची बोलती बंद होते. सण हिंदूंचा, दर्गा मुसलमान फकिराचा, आगीभोवती सगळ्या जातीधर्मांची माणसं. 'आमचा सण' आणि 'तुमचा सण' अशी रेघ मारायला इथे जागाच नाही. दुःखाने ती आधीच पुसून टाकली आहे.

आगीत मुलाचा शर्ट टाकणाऱ्या आईकडे बघून हसणं सोपं आहे. जरा तिच्या जागी उभं राहून बघा. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय की आजार आटोक्यात राहील, पण गोळ्या चालू ठेवाव्या लागतील, कदाचित आयुष्यभर. विज्ञान खरं बोलतं, म्हणूनच ते 'संपलं' असं म्हणत नाही. आग म्हणते. लाखो लोकांसमोर, डोळ्यांना दिसेल असं. दहा वर्षं रात्रीची झोप नसलेल्या बाईला हा शब्द कुठे तरी ऐकायचा असतो. शिवाय सैलानीला अपॉइंटमेंट लागत नाही. मागच्या वेळचे कागद आणले का, असं तिथे कुणी खेकसत नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. बुलडाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे. सैलानी जवळ आहे.

पण जवळ आहे म्हणून ती आग खरं बोलते असं होत नाही. आजार शर्टात नसतो. शर्ट जळतो, गोळ्या बंद होतात, चार महिन्यांनी मुलगा पुन्हा बिघडतो. मग कुणी तरी सांगतं, इथेच ठेवा, बांधून ठेवा. बांधून ठेवल्यावर काय होतं ते देशाने एकदा बघितलं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीला पहाटे आग लागली. ती कुठल्या सणाची नव्हती. माणसांच्या पायांत साखळ्या होत्या. त्यांना पळता आलं नाही. २८ जण जळून मेले.

त्यानंतर कायदे झाले. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला दोराने, साखळीने बांधणं, मारहाण करणं त्यात गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली. कायदे हवेतच. पण कायदा साखळी सोडवतो, पुढचा रस्ता दाखवत नाही. साखळी सुटलेल्या माणसाने जायचं कुठे?

याचं एक उत्तर शेजारच्या राज्यात आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावात मीरा दातारचा दर्गा आहे. तिथेही बाधा उतरवायला लोक येतात. २००८ पासून तिथे 'दवा-दुआ' नावाचं काम सुरू झालं. दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसतो. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. मुजावर आधी दुआ देतो आणि मग स्वतःच सांगतो, आता तिकडच्या खोलीत जाऊन दवा पण घे. श्रद्धेशी भांडण न काढता माणूस गोळीपर्यंत पोचतो, तेही ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याच्या तोंडून ऐकून.

सैलानीला हेच हवं. यात्रेपुरता तंबू पुरायचा नाही, वर्षभर चालणारं केंद्र हवं, आणि ते आगीच्या इतकं जवळ हवं की नारळ टाकून वळलेल्या आईला पहिलं तेच दिसावं. यात्रेला बंदोबस्त लावता येतो, जादा एसट्या सोडता येतात, तर मनोविकारतज्ज्ञही बसवता येतो. ही मागणी लावून धरायला जिल्ह्यातले आमदार-खासदार आहेत, दर्ग्याचे विश्वस्त आहेत आणि पुण्या-मुंबईत बसून सैलानीचे व्हिडिओ 'अंधभक्त' म्हणून फॉरवर्ड करणारे आम्ही आहोत. फॉरवर्ड करायला लागतं तेवढ्याच वेळात जिल्हाधिकाऱ्यांना एक मेल लिहून होतो.

'पण त्यांचं काय?'

आता कुणीतरी विचारणारच, हे सगळं आमच्याच सणांना का?

फक्त तुमच्याच नाही. जाळ कोणाचा, धूर कोणाला, हा प्रश्न कुठेही विचारता येतो. डीजे जयंतीचा असो, जुलूसाचा असो की वरातीचा, त्याच्या भिंतीसमोर हृदयाचा पेशंट राहत असेल तर प्रश्न तोच. थर्टी फर्स्टच्या आतषबाजीला तोच. विदर्भातल्या काही आदिवासी संघटना रावणदहन थांबवा म्हणतात, कारण रावण त्यांना आपला वाटतो. तिथे धूर छातीत जात नाही, मनात जातो. तोही धूरच. गाय फॉक्सच्या आगीतून पोप कधीच गळून पडला आणि आग तशीच राहिली, हे आपण वर बघितलं. द्वेष काढून घेतला म्हणून आग विझत नाही.

'पोरांची वर्षाची एक मजा हिरावून घेता का?' हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला तावातावाने नाही म्हणणाऱ्याने पोरांचे चेहरे बघितलेले नसतात. माझं म्हणणं इतकंच की मजा पर्वतीच्या पायथ्याशी करा. नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने एक मैदान ठरवावं, सुड्या आणि दवाखाना यांच्यापासून लांब. एक तास ठरवावा. हरित फटाके, वर्गणीतून, जाणत्या माणसांच्या हातून, पाण्याचा टँकर शेजारी उभा करून. ज्याच्या बापाकडे लवंगीचे पैसे नाहीत त्या पोरालाही तेवढंच आकाश दिसेल. तासाभराने गाव शांत. परंपराच हवी ना? सवाई माधवरावाच्या काळची देतोय.

होळीचंही तसंच. एका प्रभागात दहा होळ्यांऐवजी एक, आणि तिला मान सगळ्यांचा. ओली लाकडं नकोत, टायर तर नकोच, चाकोल्या भरपूर. पोळ्यांसाठी शेजारी एक डबा. वस्तीवरच्या आणि गावातल्या पोरांच्या माळा एकाच एरंडाला लटकू द्या. बोंब ठोकायचीच असेल तर सोयाबीनच्या भावाच्या नावाने ठोका, त्याच्याइतका लायक माणूसही सापडायचा नाही.

माणसं अजून का जाळतात, याचं उत्तर शोधून झालं. त्यांना काहीतरी संपलेलं बघायचं असतं, तेही एकट्याने नाही, आणि ती भूक यापुढेही राहील. तिची टिंगल करणारे लोकांपासून तुटत जातील. तिच्या आडोशाने आपला माल आणि आपला द्वेष खपवणारे गल्ले भरत राहतील. आपण यापैकी कुणीच व्हायची गरज नाही. पुढच्या वेळी आगपेटी हातात घेतली की इकडेतिकडे एकदा बघायचं. वारा कुठल्या दिशेने आहे, पलीकडे कोणाची सुडी आहे, कोणाचं म्हातारं झोपलंय. आणि घरात किंवा शेजारी कुणी मनाने आजारी असेल, तर नारळ खुशाल न्या, पण त्याआधी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फिरवा. फोन फुकट आहे आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.